स्वस्तातली एअर रायफल नेमावर आणताना

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्र्याची कड त्या ठिपक्याला नुसती चाटून गेली तरी दहा धरतात. म्हणजे भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. तिथून पुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. सांगलीत एका पतसंस्थेत माझं आयुष्य आकडेमोडीत चाललंय, त्यामुळे रायफलीवर रुपया घालण्याआधी हा हिशेब मी वहीत मांडला. रायफलच जर 20 मिलिमीटरच्या वर्तुळात छर्रे पसरत असेल, तर नेमबाज पुतळ्यासारखा उभा राहिला तरी कडेच्या छर्र्याला सातच मिळणार. त्यात माणसाचा दोष काढून उपयोग नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं आणि आमच्या भागात ज्याच्या त्याच्या घरात रायफलीची चर्चा सुरू झाली. आमच्याही. मुलगी आठवीत, तिला शिकायचं होतं आणि मला तिच्यासोबत. परदेशी मॅच रायफलीची, म्हणजे सामन्यात वापरायच्या रायफलीची, किंमत लाखांत. आम्ही घेतली ती देशी, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. परवान्याची भानगड नाही, कारण 0.177 बोअर (नळीचं भोक 0.177 इंच, म्हणजे तेच 4.5 मिलिमीटर) आणि 20 ज्यूल जोरापर्यंतच्या एअर रायफलीला तो लागत नाही. यूट्यूबवर सेमी ऑटोमॅटिक रायफलीचा नेम कमी खर्चात कसा सुधारायचा याचे परदेशी व्हिडिओ ढिगानं आहेत. आपल्याकडे त्या रायफली सामान्य माणसाच्या हाती येत नाहीत, पण व्हिडिओतली निम्मी अक्कल एअर रायफलीलाही लागू पडते.

पहिलं काम रायफल आणि माणूस वेगळे करण्याचं. मार्केट यार्डातल्या एका मित्राचं हळदीचं गोदाम हंगाम संपला की रिकामं असतं. वारा नाही, लांबी भरपूर. भिंतीला लोखंडी पत्रा खाली झुकवून लावला, त्याच्यापुढे जुन्या वाकळा टांगल्या, दाराला आतून कडी. टेबलावर ज्वारी भरलेली पिशवी, तिच्यावर डाव्या हाताचा तळवा आणि तळव्यावर रायफल, अगदी सैल. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पुढंमागं उसळते. घट्ट आवळली किंवा थेट टणक टेकूवर ठेवली की दर वेळी वेगळी उसळते. तिला दर वेळी सारखंच उसळू द्यायचं, रोखायचं नाही.

मोजायचं ते दहा-दहा छर्र्यांच्या ग्रुपवर, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्र्यांच्या भोकांच्या पुंजक्यावर. पाच छर्र्यांचा ग्रुप फार लबाड असतो. एखादा नशिबानं छान येतो, आपण त्याचा फोटो काढतो आणि चार लोकांना पाठवतो. माझा आधीचा आकडा 22 मिलिमीटरच्या आसपास होता, सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. यानंतरचा नियम एकच ठेवला: एका वेळी एकच बदल, मग परत ग्रुप, मग वहीत नोंद.

सुरुवात स्क्रूंपासून. लाकडी दस्ता नळीच्या सांगाड्याला स्क्रूंवर धरलेला असतो आणि स्प्रिंगच्या हादऱ्यानं ते हळूहळू सुटतात. माझा पुढचा एक तर बोटानं फिरत होता. खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळे आवळले, स्क्रू परत सुटू नयेत म्हणून निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब टाकला. तेवढ्यानं ग्रुपमधले भरकटलेले छर्रे कमी झाले. मग नळीच्या सांध्याजवळचं सील. तिथं टिश्यू पेपरची पट्टी धरायची आणि रायफल चालवायची. पट्टी फडफडली तर हवा गळतेय. आमची चांगली फडफडली. गणपती पेठेतल्या दुकानात जुनं सील दाखवून त्याच मापाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, घेतली. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या पंपाची हो ही?" मी म्हटलं, हवेच्याच म्हणा की. चहापेक्षा स्वस्त पडली.

नळी साफ करताना सळई तोंडाकडून घालू नका. नळीच्या तोंडाची कड छर्र्याला सगळ्यांत शेवटी सोडते. तिला ओरखडा गेला तर बाकी सगळं करून फुकट. मासे धरायची नायलॉन दोरी मागून ओवली, टोकाला जुन्या बनियनची चिंधी बांधली आणि तोंडाकडून ओढली. पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली, कारखान्यातलं ग्रीस होतं ते. चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढायचं. तेल मात्र हवेच्या भागात सोडायचं नाही. दाबानं तापून ते पेटतं, धूर निघतो आणि दर छर्र्याचा वेग वेगळा होतो.

आता छर्रे. सगळ्यांत मोठा फरक इथं पडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्याकडे सहज मिळणाऱ्या स्वस्त डबीतले छर्रे वाटीत ओतले तर काहींचा घेर चेपलेला, काहींना शिशाची कुसळं. ते सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेलो. त्याचा काटा ग्रॅमचा हजारावा भाग दाखवतो. दुपारची सामसूम वेळ होती, त्यानं काट्याचं काचेचं झाकण सरकवलं आणि चिमट्यानं एकेक छर्रा ठेवू लागला. "0.47... 0.53... 0.50... अहो, हे काय सोनं विकलंय तुम्हाला? एक दाणा दुसऱ्याशी जुळत नाही." मग मी आणलेल्या जर्मन मॅच छर्र्यांचे नमुने काढले. सगळे 0.53 च्या आगंमागं, फरक तिसऱ्या आकड्यात. सराफानं मान हलवली आणि चष्मा पुसला. हा माल त्याला पटला होता.

मॅच छर्रे डोक्याच्या मापानुसार मिळतात: 4.49, 4.50, 4.51 असे. कुठलं माप आपल्या नळीला मानवेल ते चालवूनच कळतं. आमच्या नळीला 4.51 मानवलं, बाकीचे सैल बसत होते. नुसत्या छर्र्यांच्या बदलानं ग्रुप जवळजवळ निम्म्यावर आला. यापुढं मॅच छर्रे तोलत बसू नका, काही हाती लागत नाही. उजेडात धरून चेपलेला तेवढा बाजूला काढला की पुरे. स्वस्त छर्रे आम्ही नुसत्या उभं राहण्याच्या सरावाला ठेवले. त्यातही रिकाम्या रायफलीनं, न चालवता नेम धरण्याचा सराव फुकटच असतो. आणि हो, शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय पोरांना खाऊला हात लावू देऊ नका.

पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची साईट, बसवल्यावर वेगळीच अडचण आली. दस्त्याला गाल टेकवला की डोळा भोकाच्या खाली जायचा. मुलगी मान ताणून बघायची आणि दर वेळी वेगळीकडून. गाल टेकवायचा तयार उंचवटा, म्हणजे चीकपीस, मागवण्यापेक्षा मी मिरजेला तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. रायफल चेन लावलेल्या बॅगेत, सोबत बिल. दुकानात वर भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचा भुसा. कारागीर काकांनी आधी हात जोडले. "हत्याराचं काम आमचं नव्हे." मी म्हटलं, काका, हत्याराचं नाही, गालाचं आहे. मग ते हसले आणि मुलीला समोर बसवलं.

त्यांनी लाकडाचा तुकडा ढोबळ तासून दस्त्यावर तात्पुरता बांधला, त्यावर खडूची पूड चोळली आणि तिला डोळे मिटून गाल टेकवायला लावला. पूड जिथं निघाली तिथं कानस फिरवली. परत पूड, परत गाल. तंबोऱ्याची जवारी काढताना घासायचं, ऐकायचं, परत घासायचं, तशीच ही रीत. डोळे उघडले की भोकातून पुढची साईट नेमकी मध्यात दिसायला लागली तेव्हा ते थांबले. पैसे किती, तर "पोरगी खेळते ना, लाकडाचे द्या." मी मजुरीही दिली, त्यांनी घ्यावी म्हणून दारात थोडी हुज्जत घालावी लागली.

ट्रिगरला मी कंपनीनं दिलेल्या स्क्रूच्या पलीकडे हात लावला नाही. आतला खटका कानशीनं हलका करणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. धक्क्यानं रायफल आपोआप सुटली तर नेमाचं राहू द्या, माणूस जाईल. जोरदार स्प्रिंग घाला म्हणणारेही भेटतात. अहो, सामन्यातल्या रायफलीचा जोर साडेसात ज्यूलच्या आसपास असतो. कागदाला भोक पाडायला तेवढा पुष्कळ. जोर वाढला की उसळी वाढते, आणि 20 ज्यूलच्या वर गेलात तर परवाना. दुर्बिणीच्याही नादी लागलो नाही. स्प्रिंग रायफलीचा दुहेरी झटका स्वस्त दुर्बिणीच्या काचा खिळखिळ्या करतो. कुपवाड एमआयडीसीत लेथवर नळीला लावायचं एक वजन मात्र करून घेतलं. टेबलावरच्या ग्रुपमध्ये त्यानं काडीचा फरक पडला नाही, पण उभं राहून धरताना तोंड कमी डुलतं असं मुलीचं म्हणणं. म्हणून ते राहिलं.

आता टेबलावरचा ग्रुप 8 मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे नेम बरोबर मध्यात असेल तर कडेच्या छर्र्यालाही निदान नऊ. आणि उभं राहून मुलीचा ग्रुप याच्या तिप्पट. एवढं वहीत उमटल्यावर रायफलीवरचा खर्च मी बंद केला.

पुढचा पैसा जॅकेटला जाणार आहे. कॅनव्हास आणि चामड्याचं ते जॅकेट नवीन घ्यायचं तर रायफलीच्या किमतीला भिडतं, म्हणून वापरलेलं शोधतोय. आठवीतलं पोर वर्षात खांद्याला केवढं वाढेल हा अंदाज आमच्या हिच्यावर सोपवलाय, शाळेचे गणवेश इतकी वर्षं तिनंच घेतलेत. ती म्हणते, दोन बोटं सैल घ्या. कोच म्हणतात, अजिबात सैल नको. शनिवारी दोघांची गाठ घालून देणार आहे.