माचू पिचू : हिद्रोएलेक्त्रिकाची वाट नको, आणि तिकीट २ नंबरचंच घ्या

तीन खिडक्यांचं देऊळ बघायला मी पेरूला गेले आणि ते न बघताच परत आले. कुस्कोतल्या एका एजन्सीने "यात सगळं दिसतं" असं सांगून तिकीट विकलं आणि मी ते न तपासता घेतलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहिते आहे. लिमाचे दोन आणि कुस्कोचे तीन दिवस छान गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आधी तिकीट. जून २०२४पासून माचू पिचूत तीन सर्किट, म्हणजे ठरवून दिलेल्या वाटा, केली आहेत. १ नंबरमध्ये वरच्या टप्प्यांवरून नुसता देखावा दिसतो, वस्तीत उतरता येत नाही. २ नंबरमध्ये तो प्रसिद्ध देखावाही मिळतो आणि वस्तीचा गाभाही. ३ नंबर खालच्या भागातून जातं. त्यात सूर्यमंदिर आणि काँडोरचं मंदिर आहे, पण मुख्य देवळांचा चौक नाही, आणि तीन खिडक्यांचं देऊळ त्याच चौकात आहे. वरच्या डोंगरांची चढाई जोडली नाही, तर परदेशी माणसाला तिन्हींचे १५२ सोलच (सोल हे पेरूचं चलन) पडतात. म्हणजे स्वस्त म्हणून ३ नंबर घ्यावं असंही काही नाही. आत वाट एकेरी आहे. चुकून पुढे गेलात तर गार्ड मागे फिरू देत नाहीत आणि बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत जाता येत नाही. मी ३ नंबरमध्ये होते. चौक माझ्या डोक्यावर कुठेतरी होता आणि मी खालून पुढे पुढे चालत होते.

त्या देवळाचाच हट्ट का, तेही सांगते. १९०२ साली याच खोऱ्यातला एक शेतकरी, आगुस्तिन लिझारागा, तिथपर्यंत चढून गेला आणि त्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने आपलं नाव आणि साल लिहून आला. त्यानंतर नऊ वर्षांनी, २४ जुलै १९११ला, येल विद्यापीठाचे हिराम बिंगम तिथे पोचले. त्यांना वाट दाखवली मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, एका सोलच्या बोलीवर. वर रिचार्ते आणि आल्वारेझ ही कुटुंबं इंकांच्या टप्प्यांवर शेती करत राहत होती. बिंगमनी भिंतीवरचं नाव वाचलं आणि लिझारागाच या जागेचा शोधक, अशी नोंद स्वतःच्या डायरीत केली. पुढे १९४८च्या त्यांच्या पुस्तकात ते नाव उरलं नाही, आणि भिंतीवरूनही ते पुसलं गेलं. लिझारागा १९१२ साली उरुबांबा नदीत बुडून गेला. मला ती रिकामी भिंत बघायची होती. शाळेत "माचू पिचूचा शोध बिंगम यांनी लावला" हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत लिहिलेलं आहे.

आता वाट. कुस्कोहून मिनीबसने हिद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्रापर्यंत जायचं आणि तिथून रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत माचू पिचूच्या पायथ्याच्या अग्वास कालिएन्तेस गावात पोचायचं. या वाटेला लोक "स्वस्त आणि सोपी" म्हणतात. स्वस्त आहे. सोपी नाही. आम्हाला सहा तास सांगितले होते, लागले आठ. आब्रा मालागाची खिंड ४३०० मीटरच्या वर आहे आणि तिथून गाडी वळणावळणाने खाली कोसळल्यासारखी उतरते. सांता मारियाच्या पुढे आम्हाला कच्चा रस्ता लागला. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी, कठडा नाही. समोरून गाडी आली की आमचा ड्रायव्हर मागे घ्यायचा आणि मागचं चाक कडेला किती उरलं आहे ते मला खिडकीतून दिसायचं. सांता तेरेसात त्याने गाडी थांबवून प्रत्येकाकडे आणखी वीस सोल मागितले. "हिद्रोएलेक्त्रिकापर्यंत" असं पावतीवर छापलेलं असूनही. सगळ्यांनी दिले, आम्हीही दिले, कारण चार वाजत आले होते. पावती स्पॅनिशमध्ये मोठ्याने वाचून दाखवता येत असेल तरच वाद घाला.

रुळांची वाट सपाट आहे हे खरं. पण पायाखाली मोठी मोकळी खडी आहे. दूधसागरला रुळांवरून गेलेल्यांना घोट्यांचं काय होतं ते माहीत आहे. इथे ते तीन तास चालतं, पाठीवर पूर्ण सामान घेऊन. ऑक्टोबर नुकताच सरलेला, पाऊस सुरू झाला, साडेसहाला मिट्ट अंधार. आगगाडी आली की झुडपात शिरायचं. दुपारी दोनच्या आत चालायला लागणार नसाल तर ही वाट घेऊच नका. माझं स्पष्ट मत : कुस्को आणि माचू पिचूच्या मधल्या ओल्यांतायतांबो गावाहून आगगाडीने जा. एका बाजूचे साठ-सत्तर डॉलर जिवावर येतात, पण तेवढे पैसे द्यायलाच हवेत.

वाटेत रुळांना लागून एक टपरी होती, पावसासाठी तिथे थांबलो. त्या दिवशी माझी कार्तिकी एकादशी. डब्यात खिचडी होती. पहाटे उठून कुस्कोच्या हॉस्टेलात केलेली. ३४०० मीटरवर पाणी लवकर उकळतं पण तापत नाही, बटाटे शिजायला पाऊण तास लागला. टपरीवालीने समोर उकडलेले बटाटे ठेवले : जांभळे, पिवळे, एक आल्यासारखा गाठीगाठींचा. सोबत मीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने बोटाने एकेक दाखवत नावं सांगितली : पापा, मानी, आही. बटाटा, दाणे, मिरची. साबुदाणा तिला कळेना. तो यूकाचा, म्हणजे कसाव्याचा, हे कसंबसं समजावल्यावर ती हसली, कारण यूकाही तिच्याच बाजारातला. तूप आणि जिरं सोडलं तर डब्यातलं सगळं याच खंडातून समुद्रापार गेलेलं. ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशीच्या ताटात यातलं काहीही नव्हतं. पोर्तुगीज जहाजं आली तेव्हा 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याबरोबर आला. पाय भिजलेले, गुडघा सुजलेला, आणि मी तिथे उभी राहून रडले. पुऱ्या प्रवासात एवढा आनंद मला दुसरीकडे कुठे झाला नाही.

अँडीजमध्ये बटाट्याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत आणि इथले शेतकरी एका वावरात अनेक जाती मिसळून लावतात. एकीवर रोग पडला तर दुसरी तगते. युरोपने त्यातल्या मोजक्याच नेल्या. आयर्लंडमध्ये गरिबांचं सगळं पोट 'लंपर' या एका जातीवर होतं. १८४५मध्ये करपा आला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. बटाटा नेला, तो कसा लावायचा हे मागेच राहिलं. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात चुन्यो मिळतो. थंडीच्या रात्री गोठवून, पायाने तुडवून पाणी काढून, उन्हात वाळवलेला हा बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. चवीला मातकट. एकदा खाऊन बघा, दुसऱ्यांदा मागणार नाही.

कुस्कोतलं कासा कोंचा संग्रहालय माचू पिचूच्या आधी करा, नंतर नाही. बिंगमनी येलला नेलेल्या वस्तू जवळजवळ शंभर वर्षांनी, २०११-१२मध्ये परत आल्या, त्या तिथे आहेत. आम्ही शेवटी गेलो आणि दमलेल्या डोळ्यांनी बघितलं. उंचीचा त्रास होत असेल तर विमानतळावरून थेट ओल्यांतायतांबोला उतरा, कुस्कोपेक्षा ते सहाशे मीटर खाली आहे.

गावातून वर जायला बस एका बाजूची १२ डॉलर. पायऱ्यांनी दीड तास, चारशे मीटर चढ, उतरताना गुडघे बोलतात. वर आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेरच उरकून घ्या. पासपोर्ट मूळ लागतो, झेरॉक्स चालत नाही. प्रवेशद्वारापाशी पाट्या आहेत. एकीवर बिंगमना वैज्ञानिक शोधक म्हणून कुस्कोने धन्यवाद दिले आहेत. दुसरी १९९३ची, आर्तेआगा, रिचार्ते आणि आल्वारेझ यांना मानवंदना देणारी. बहुतेक लोक त्यांच्यापुढून बसच्या रांगेकडे जातात. पाच मिनिटं थांबा.

ऑनलाइन २ नंबर मिळालं नाही तर अग्वास कालिएन्तेसच्या कार्यालयात दुसऱ्या दिवसासाठी रोज हजार तिकिटं हातात मिळतात. आदल्या दिवशी तिथे रांगेचा नंबर घ्यावा लागतो, पहाटेच जा. मीही खाली उतरून तिथे गेले. माझा नंबर आला तेव्हा दुसऱ्या दिवसाचं २ नंबर संपलं होतं. खिडकीतल्या बाईने विचारलं, परवाचं बघायला येणार का? परवा पहाटे आमचं कुस्कोहून विमान होतं.