चिऱ्याचं रासायनिक सूत्र

एम.टेक.ला उजेडाचं संगणकी सिम्युलेशन घेतलं म्हटलं की लोक ‘बाप रे’ म्हणतात. ते बाप रे वाचवून ठेवा. सिम्युलेशन दोन-तीन आठवड्यांत झालं. बाप रे म्हणायचंच असेल तर ‘सॅम्पल टेस्टिंग रिक्वेस्ट फॉर्म’ नावाच्या चार पानी फॉर्मला म्हणा. त्याने माझा अख्खा पावसाळा खाल्ला आणि अजूनही त्याचं नाव काढलं की डोकं फिरतं.

विषय घरचाच होता. कुडाळजवळ आमच्या गावात वाचनालयाचं नवं दालन झालं. उघड्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन बाजूंना रुंद पडवी. फोटोत फार देखणं दिसतं. आत मात्र जुलैत भर दुपारी दोन वाजता ट्यूब लावल्याशिवाय पेपर वाचता येत नाही, आणि जुलैत आमच्याकडे वीज किती वेळ असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बाबा रोज तिथे जाऊन बसतात. मी विषय शोधतेय म्हटल्यावर ते म्हणाले, “लाइटिंग शिकतेस ना? मग आधी आमचो काळोख बघ.” गाइड सरांना विषय आवडला. उघड्या चिऱ्याच्या खोलीत दिवसाचा उजेड किती आणि कसा फिरतो, हे मांडायचं ठरलं.

सॉफ्टवेअर रेडियन्स घेतलं. ग्रेग वॉर्ड यांनी १९८५च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्याचं काम सुरू केलं. ते फुकट मिळतं आणि प्रकाशाचा किरण डोळ्यापासून उलटा दिव्याकडे, आभाळाकडे शोधत जातं. खोलीचं मॉडेल झालं. हवामानाची फाइल घेतली ती रत्नागिरीची, वर्षाच्या ८७६० तासांची. मग आली भिंत. रेडियन्समध्ये साध्या भिंतीसाठी पाच आकडे द्यावे लागतात: लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती परत फेकते, चकाकी किती आणि खडबडीतपणा किती. मी सगळे देतात तसं दिलं. छत ७० टक्के, भिंत ५०, जमीन २०. सरांनी बघितलं आणि विचारलं, “हे पन्नास कुठल्या भिंतीचे?”

खरंच, कुठल्या? रंग दिलेल्या ऑफिसच्या भिंतीचे. चिरा कुठे अर्धा उजेड परत देणार! त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं ठासून भरलेली, रंग तांबडा, अंगभर भोकं. या दगडाला इंग्रजीत लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली दिलं, तेही केरळात लोक त्याच्या विटा कापताना बघून. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. जमिनीत मऊ, बाहेर काढून वाळला की टणक. हे सगळं वाचायला मिळालं. पण आपल्या खाणीतला, आपल्या गावातला चिरा किती उजेड परत देतो, ते कुठे मिळेना. सर म्हणाले, “मोजून आण. आणि प्रमाणित रिपोर्ट लाव, नाहीतर व्हायवाला तोंड लपवावं लागेल.”

आमच्या कॉलेजात परावर्तन, म्हणजे परत येणारा उजेड मोजायचं यंत्र नाही. एका मोठ्या संस्थेत आहे. नाव घेत नाही, कारण यंत्र उत्तम आहे आणि ते चालवणारा माणूसही भला होता. त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंतची गोष्ट ही.

फॉर्ममधला चौथा रकाना: सॅम्पलचं रासायनिक सूत्र. मी लिहिलं, ‘लागू नाही, नैसर्गिक दगड’. सहा दिवसांनी ई-मेल: फॉर्म अपूर्ण आहे. मग लिहिलं, लोहाची ऑक्साइडं, ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, सिलिका यांचं मिश्रण. आठ दिवसांनी ई-मेल: टक्केवारी द्यावी. टक्केवारी हवी तर एक्स-रे फ्लुरोसन्स करावं लागतं, आणि ते त्याच संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विभागात होतं. तिथला फॉर्म वेगळा. त्यात पहिलीच अट: सॅम्पल बारीक पूड करून द्यावं. म्हणजे दगड किती काळा ते बघायला आधी दगड कुटायचा!

फोन केला. पलीकडच्या मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्यासमोर जो पडदा होता त्यात तो रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं. “तुम्ही काहीतरी लिहा ना,” त्या म्हणाल्या. “काय लिहू?” “ते मी कसं सांगणार?” असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी विचारलं, की बाकीचे लोक दगड आणतात तेव्हा काय लिहितात. त्या म्हणाल्या, “दगड कोणी आणत नाही.”

सातवा रकाना त्याहून वरचढ. पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक जोडा. रसायनाच्या बाटलीबरोबर येतं ते. आमचा पुरवठादार म्हणजे चिरेखाणीवरचे काका, ज्यांच्याकडे माझ्या एका चिऱ्याचं बिलसुद्धा नव्हतं. एक चिरा काय विकत द्यायचा, म्हणून त्यांनी तो फुकटच दिला होता. आणि मग सॅम्पलचं माप: पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर, जाडी जास्तीत जास्त एक. मी काकांना बोटांनी जाडी दाखवली तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. “चिऱ्याचे काय पापड करूचे आसत तुका?”

पापड कसे होणार? भोकाचा दगड तो. पहिला तुकडा कटरखाली भुगा झाला, दुसरा अर्ध्यात तुटला. शेवटी कुडाळमध्ये फरशी कापणाऱ्या एका मिस्त्रीने पाणी सोडत सावकाश चार तुकडे काढून दिले. घरी आणून पंख्याखाली तीन दिवस वाळवले, कारण ओला चिरा कोरड्यापेक्षा काळा दिसतो. पाऊस सुरू असताना पंख्याखाली दगड वाळवणारी मुलगी बघून आईने काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

माहितीपत्रक मीच लिहिलं. हे आधी सुचलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, म्हणून ठळक सांगते: विभागाच्या लेटरहेडवर तुम्ही स्वतः लिहून दिलेलं पत्रक चालतं. ‘पदार्थ: जांभा दगड. ज्वलनशील नाही. पाण्यात विरघळत नाही. कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये, मास्क वापरावा. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवावं.’ यात खोटं काही नाही, धुळीचं तर फार खरं आहे. सूत्राच्या रकान्यात मुख्य घटकांची ऑक्साइडं लिहून शेवटी ‘प्रमाण बदलतं’ एवढं घातलं. ते पडद्याने गिळलं.

पण त्या पत्रकावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का हवा होता. निळ्या शाईतला, स्कॅन केलेला नाही. आणि तोपर्यंत आला गणपती. बाहेरच्या लोकांना हे समजत नाही. कोकणात चतुर्थीच्या दोन दिवस आधी कॉलेज, बँक, सही, शिक्का सगळं गावाला जातं. विभागप्रमुख राजापूरकडच्या आपल्या घरी. शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात. गौरी-गणपती विसर्जन करून ते परत आले तेव्हा संस्थेचा त्या महिन्याचा स्लॉट भरला होता.

त्या चिडीत मी ठरवलं, की आता मीच मोजणार.

आणि इथून पुढे हे इतकं सोपं होतं की स्वतःचाच राग येतो. फोटोग्राफीचं अठरा टक्के परावर्तनाचं राखाडी कार्ड मिळतं. ते वाचनालयाच्या पडवीत भिंतीला लावलं, ढगाळ दिवस निवडला, म्हणजे सावल्या नाहीत आणि उजेड सगळीकडून सारखा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर हाताने बांधून ठेवलं, फ्लॅश बंद, आणि फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला, काढला. मग भिंतीच्या पिक्सेलचा आकडा भागिले कार्डाचा आकडा, गुणिले ०.१८. झालं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्यांदा मोबाइलच्या साध्या जेपीईजीवरून गणित केलं. जेपीईजीतले आकडे उजेडाच्या प्रमाणात वाढत नाहीत, ते दाबलेले असतात. त्यामुळे कुठलीही भिंत मोजा, उत्तर अठराकडे ओढलं जातं. रॉमधून काढलं तेव्हा आकडा स्थिर झाला. दुसरी गोष्ट, तांबड्या दगडाला फसू नका. कॅमेऱ्यात लाल रंग भरपूर दिसतो, पण उजेडाचा हिशेब मुख्यतः हिरव्यावर चालतो. रेडियन्स लालला ०.२६५, हिरव्याला ०.६७० आणि निळ्याला ०.०६५ असं वजन देतं. चिऱ्याचा लाल आकडा दांडगा आणि हिरवा किरकोळ, म्हणून डोळ्याला उबदार वाटणारी भिंत प्रत्यक्षात उजेड गिळत असते.

पडताळा म्हणून इलेक्ट्रिकल लॅबमधला उजेड मोजायचा लक्समीटर आणला. आधी भिंतीला टेकवून बाहेरच्या दिशेने तोंड करून वाचायचा, मग वीतभर मागे घेऊन भिंतीकडे तोंड करून. दुसरा भागिले पहिला. स्वतःची सावली पडू देऊ नका, हात लांब ठेवा. ढोबळ पद्धत आहे, पण दोन्ही उत्तरं जवळ आली: कोरड्या भिंतीचं पावशेराच्या जरा आत, म्हणजे ०.२३च्या आसपास. पावसाची झड लागून ओल चढलेल्या खालच्या ओळींचं त्याहून बरंच कमी.

पन्नासच्या जागी तेवीस घातल्यावर खोलीचं चित्रच बदललं. खिडकीजवळ फारसा फरक नाही, तिथे आभाळ थेट दिसतं. पण मागच्या टेबलावर येणारा उजेड मुख्यतः भिंतींवरून उड्या मारत येतो आणि प्रत्येक उडीला तीन चतुर्थांशाहून जास्त उजेड चिरा खाऊन टाकतो. वाचायच्या टेबलावर साधारण ३०० लक्स धरतात. पन्नास टक्क्यांच्या भिंतीत मागचं टेबल पास होत होतं, खऱ्या भिंतीत सपशेल नापास. बाबा हे मला सुरुवातीलाच सांगत होते.

अरे हो, उड्यांवरून आठवलं. रेडियन्समध्ये ‘एबी’ नावाचं एक परिमाण आहे, उजेडाने किती वेळा उडी मारायची त्याचं. ते सांगितलं नाही तर शून्य धरलं जातं. माझं पहिलं चित्र काळंकुट्ट आलं आणि मी दोन दिवस खूश होते, की बघा, खोली खरंच किती अंधारी आहे! पाच-सहा द्या. आणि ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं हेही लक्षात ठेवा. प्रमाणित ढगाळ आभाळात माथ्यावरचा भाग क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ धरतात. आमच्याकडे खिडकीला रुंद पडवी, म्हणजे उजळ भाग नेमका झाकलेला आणि फिका भाग तेवढा समोर. उपाय मग आपोआप सुचला. छपरात काचेची कौलं, जशी जुन्या घरात माजघरावर असायची. माथ्यावरचा उजेड थेट टेबलावर. आणि खिडकीसमोरच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग चुन्याने पांढरा. वाचनालयाच्या मंडळाच्या सभेत चुन्यावरून तास गेला, “चिरो दिसाक व्हयो” म्हणून. खालचा अर्धा दिसेल असं ठरलं. काचेच्या कौलांना कोणी हरकत घेतली नाही.

संस्थेचा रिपोर्ट पुढच्या स्लॉटमधून ऑक्टोबरात आला. एक पान, एक वक्ररेषा. तिच्यातल्या डोळ्याला दिसणाऱ्या भागाची वजन देऊन सरासरी काढली तर ०.२९. माझ्या आकड्याहून बरंच जास्त. सर म्हणाले, आता कोणाचं खरं? मी ते यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना फोन केला, तर ते हसले. म्हणाले, तुम्ही पाठवला तो कटरने गुळगुळीत केलेला तुकडा, आणि आमच्या यंत्राचं भोक बोटाच्या पेराएवढं. दगडाच्या खळग्यांना टाळून सपाट जागा शोधून आम्ही मोजलं. भिंतीत खळगे असतात, उजेड त्यात शिरतो तो पुरता बाहेर येत नाही. तुमची भिंत काळीच असणार. दोन मिनिटांत समजावलं. या माणसाशी जुलैत बोलता आलं असतं तर! पण त्यांचा नंबर रिपोर्टच्या तळाशी होता.

प्रबंधात दोन्ही आकडे दिले. हिशेब भिंतीच्या आकड्यावर केला, रिपोर्ट परिशिष्टात लावला. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं, शिक्का बघितला, मान डोलावली आणि मग अर्धा तास फक्त राखाडी कार्डाबद्दल विचारत होते. मला त्याचा अजून अभिमान आहे, लपवत नाही.

गेल्या आठवड्यात संस्थेकडून पुन्हा ई-मेल आला. उरलेलं सॅम्पल तीस दिवसांत घेऊन जावं, अन्यथा विल्हेवाटीसाठी सोबतचा फॉर्म भरावा. उघडला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: रासायनिक सूत्र. मी मुंबईला निघालेल्या मावसभावाला फोन केला आणि सांगितलं, येताना माझे पापड घेऊन ये.