साकिन मोमिनाबाद

आजोबा बार्शीत साठ वर्षं राहिले, पण कुणी गाव विचारलं की 'आमचं मोमिनाबाद' एवढंच सांगायचे. आजच्या नकाशावर हे नाव सापडत नाही. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. आजोबा गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एक कागद निघाला. निजाम सरकारचा छापील स्टॅम्प, खाली दाट उर्दू. घरात कुणालाच वाचता येईना. बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "घर सापडलं तर बघून ये. हक्क सांगायचा नाही, भांडायचं नाही. नुसतं बघून ये."

दिवाळी संपली तशी बार्शीहून एसटीनं निघाले. येरमाळा, कळंब. कळंब सोडून मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा मागे पडतो आणि बीड लागतो. १९४८ मध्ये आजोबा याच वाटेनं उलटे आले होते. रझाकारांच्या धास्तीनं कितीतरी कुटुंबं तेव्हा हैदराबाद संस्थानातून बाहेर पडली. बार्शी संस्थानाबाहेर, भारताच्या मुंबई प्रांतात होती, म्हणजे सरहद्द ओलांडली की सुटलो. १७ सप्टेंबरला संस्थान भारतात आलं, तोवर यांचं बिऱ्हाड बार्शीत लागलं होतं, आणि ते परत गेलंच नाही. खिडकीतून ट्रॅक्टर दिसत होते. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, पोरं. ऊसतोडीला निघालेली माणसं. सहा महिने यांच्या घराला कुलूप राहणार, नाहीतर दारात म्हातारं माणूस एकटं बसलेलं असणार.

अंबाजोगाईत उतरले आणि आधी योगेश्वरीचं दर्शन घेतलं. मग नगर परिषद. तिथल्या घर नंबरांची पद्धत मराठवाड्यात बऱ्याच गावांत दिसते तशीच, तीन आकड्यांची, मध्ये रेघा. हैदराबादेत आजही असेच नंबर आहेत. पण माझ्याकडे नंबरच नव्हता. तिथून भूमी अभिलेखच्या कार्यालयात गेले, तर त्यांना सिटी सर्व्हे नंबर हवा होता. आणखी एका कार्यालयात सांगितलं, तुमच्या काळातले गठ्ठे वाळवीनं खाल्ले. ते खरं असेल, पण गठ्ठा उघडून पाहायला कुणी उठलं नाही, याचं फार वाईट वाटलं. तो वाळवीनं खाल्लेला कागद एखाद्याचं शेवटचं घर असू शकतं.

एका जुन्या शाळेत मात्र चांगली माणसं भेटली. मूळ दाखल-खारीज रजिस्टर कपाटात कापडात बांधून ठेवलेलं होतं. लिपिकताईंनी विचारलं, "कोणतं साल?" मी म्हटलं, १३४७ फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेतलं साल. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच साल मला ठाऊक होतं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणून मी घरून १९३७ असं काढून आणलं होतं. त्या वर्षीची पानं आम्ही दोनदा चाळली. नाव नाही. मग ताईंनीच सांगितलं, निजामाचं फसली वर्ष आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून धरायचं. जानेवारी उजाडला की ५९१ मिळवायचे. पुढची पानं उलटली. अमरदाद १३४७, म्हणजे जून १९३८. वय सात. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आणि राहण्याच्या रकान्यात एका मोहल्ल्याचं नाव. शाई तपकिरी झाली होती. नावातला एक काना पुसट झाला होता, त्यावर मी नकळत बोट ठेवलं. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त पंखा बंद केला, पानं उडू नयेत म्हणून.

उर्दू कागदासाठी त्यांनीच एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे पाठवलं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. सरांकडेही रोज कुणीतरी कागद घेऊन येतं.

"कुणाचं घर हुडकायलात?" त्यांनी विचारलं. "आधी चहा घ्या. ऐंशी वर्षं थांबलेला कागद आणखी पाच मिनिटं थांबंल."

कागद खिडकीपाशी नेऊन त्यांनी वाचला. लिहिणाऱ्याचं अक्षर शिकस्ता, घाईचं, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गाळलेलं. पणजोबांचं नाव, मग 'वल्द', मग त्यांच्या वडिलांचं नाव, मग 'साकिन मोमिनाबाद'. गहाणखत होतं ते. साकिन म्हणजे राहणारा. सर म्हणाले, "ताई, याचा आणखी एक अर्थ आहे. स्थिर. जे हलत नाही ते. उर्दू व्याकरणात ज्या अक्षरावर स्वर नाही त्याला साकिन म्हणतात." मला एकदम आजोबा आठवले, कुठंही गेले तरी 'आमचं मोमिनाबाद' म्हणणारे.

खाली घराचा नंबर नव्हता. त्या जागी 'हुदूद अरबा' लिहिलं होतं, आपण चतुःसीमा म्हणतो तीच. पूर्वेला गल्ली, पश्चिमेला एका सोनाराचं घर, दक्षिणेला मशिदीची भिंत, उत्तरेला सामाईक आड. मी दोन दिवस नंबर शोधत हिंडत होते आणि घराचा पत्ता शेजाऱ्यांच्या नावानं लिहिलेला होता. नंबर बदलतात, गावाचं नावसुद्धा बदललं, पण मशीद जागेवर होती. ती धरून भूमी अभिलेखला परत गेले. यावेळी जागा दाखवता आली, म्हणून नंबर निघाला. सिटी सर्व्हेच्या वेळच्या चौकशी नोंदवहीत उत्तरेच्या बाजूला लिहिलं होतं, 'आडाचे पाणी सामाईक'. बाबा लहानपणापासून सांगायचे, आडावर सकाळी कुणाची घागर आधी यावरून भांडणं व्हायची.

घर आता दोन मजली सिमेंटचं आहे. दारात बाई तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत बोलावलं. माळवद पाडलं, म्हणाल्या, पावसाळ्यात फार गळायचं. ओसरीचे दगड मात्र पायरीला लावलेत. मागच्या भिंतीत धान्य साठवायचं बळद तसंच होतं, तोंड बुजवलेलं, वर देवाचं कॅलेंडर. आडावर लोखंडी जाळी. वाकून पाहिलं तर पाणी होतं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ नुसते पाहत राहिले, मग म्हणाले, "एक खडा टाक गं." टाकला. आवाज त्यांना ऐकू गेला.

संध्याकाळी सरांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मग थोडं थांबून सांगितलं, त्यांचे आजोबाही त्याच १९४८ च्या शरदात, पोलीस ॲक्शननंतर, केज तालुक्यातलं खेडं सोडून रातोरात इथं आले. त्या घराचा कागद यांच्याकडे नाही. इतरांचे कागद वाचण्यात वर्षं गेली, स्वतःसाठी कधी अर्ज केला नाही.

मी म्हटलं, केजला मी जाते. त्यांनी चिठ्ठीवर आधी उर्दूत आणि खाली माझ्यासाठी मराठीत लिहून दिलं, आजोबांचं नाव, वल्द, साकिन. गावाच्या नावानंतर जरा थांबून एक ओळ वाढवली, 'दक्षिणेस चिंचेचं झाड'. पुढच्या महिन्यात रजा काढली आहे. चिठ्ठी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे.