ट्रॅक्टरच्या रेडिएटरपासून स्पोर्ट्स कारच्या ऑईल कूलरपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांनी दुकान टाकलं ते ट्रक-ट्रॅक्टरच्या रेडिएटरसाठी. तेव्हा सगळा माल तांब्या-पितळेचा, लोक बोरचंच पाणी घालायचे, नळ्यांत क्षार धरायचा, मग टाकी उघडायची, नळ्यांतून पट्टी फिरवायची आणि परत झाळून द्यायचं. सोलापुरात एप्रिल-मेला ४२-४३ डिग्री म्हणजे नवल नाही, त्यामुळे कामाला कधी तोटा नव्हता. पुढं अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या तसं झाळकाम कमी झालं, आम्ही टिग वेल्डिंगचं मशीन घेतलं, आणि पुणे-हैदराबाद हायवे गावातूनच जातो म्हटल्यावर त्या रस्त्यानं जाणाऱ्या भारी गाड्याही हळूहळू दारात यायला लागल्या.

या गाड्यांचं गणित वेगळं आहे बघा. कूलंटचा (रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याचा) काटा मधोमध आहे म्हणून मालक निवांत असतो, पण जोरात चालवताना ऑईल त्याच्या कितीतरी वर जातं. इंजिन ऑईल ९० ते ११० डिग्रीला बरं असतं, १३० च्या वर सारखं राहायला लागलं की पातळ पडतं, प्रेशर उतरतं आणि मार बेअरिंगला बसतो. पोर्शे ९११ चं इंजिन १९९८ पर्यंत हवेवर थंड व्हायचं, त्यात निम्मं काम ऑईलच करायचं. नंतर पाणी आलं, पण इंजिन मागं आणि रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढं, त्यामुळे पाइप लांबलचक. कूलंट बदलताना व्हॅक्यूमनं भरलं नाही तर हवा अडकते. आणि बंपर काढून बघाल तर एसी कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पाला, किडे, पिशवीचे तुकडे असे घट्ट बसलेले असतात की पलीकडचा उजेड दिसत नाही. बाहेरून धुवून ते निघत नाही, दोन्ही वेगळे करावेच लागतात.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलकडे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याकडे) तर कुणी बघतच नाही. ड्युअल क्लचचं, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑईल ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत जातानासुद्धा तापतं, तिथं समोरून वारा नसतो म्हणून ऑईल कूलरला, म्हणजे ऑईलच्या छोट्या रेडिएटरला, फॅन लागतोच. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांना आम्ही डिफरन्शियललाही छोटा पंप आणि कूलर सुचवतो.

आता माझं स्पष्ट मत सांगतो, मोठा कूलर लावला म्हणजे गाडी थंड राहते असं अजिबात नाही. हवा जाळीतून जायला पाहिजे आणि मागून निघायलाही पाहिजे. बाजूला बोटभर फट राहिली तरी ती तिकडूनच पळते. म्हणून आम्ही आधी हवा जाळीकडे वळवणारं पत्र्याचं डक्ट बनवतो, कडेनं फोम लावून फटी बंद करतो, बऱ्याच गाड्यांत एवढ्यावरच काटा खाली येतो आणि गिऱ्हाइकाचे कूलरचे पैसे वाचतात. कूलर लावलाच तर ८० डिग्रीच्या आसपास उघडणारा ऑईल थर्मोस्टॅट (ऑईल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) सोबत घालतोच, कारण ऑईल नीट तापलंच नाही तर त्यातला ओलावा उडत नाही, घरून इथल्याच सात रस्ता चौकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला तर हे नक्कीच लागू.

ट्रायल आम्ही भर दुपारी घेतो, एसी चालू ठेवून, आधी गावातल्या गर्दीत आणि मग हायवेला, आणि इंजिन ऑईल, गिअर ऑईल, कूलंट तिन्हीचं टेम्परेचर लिहून तो कागद गाडीबरोबर देतो.