भोगीची मंडई आणि शेजारच्या जर्मन काकू

शेजारच्या जर्मन काकू दोन वर्षं पुण्यात राहतायत, पण महात्मा फुले मंडई पाहिली नव्हती. त्यांना १८८६ची ती इमारत बघायची होती. मला उद्याच्या भोगीची भाजी हवी होती. गर्दी म्हणजे काय विचारू नका! हरभऱ्याचे घाटे, पावटा, गाजर, बोरं, उसाची कांडी, सगळ्याचा मिळून वाटा. काकूंनी वांग्याचा देठ हिरवा आहे का ते निरखून पाहिलं, तशा भाजीवाल्या मावशी खूश. "बाईला कळतंय हो!" मग काय, मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करून काकूंनी दहा रुपये कमी करवले, वर मूठभर कोथिंबीर मागून घेतली. मला मात्र पूर्ण भाव! उद्या बाजरीच्या भाकरीला तीळ लावायचं काम काकूंकडे.