आमची वाटचाल: ‘बदल नाही’ असं लिहून देण्याचा धंदा

माझ्या मेहुण्याला आम्ही नक्की करतो काय, हे अजून कळलेलं नाही. मेट्रोचं काम म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर खांब आणि गर्डर येतात. आम्ही त्यातलं काहीच बांधत नाही. दुसरे जमीन खणतात तेव्हा आजूबाजूच्या इमारती किती खचल्या, किती कलल्या, ते आम्ही मोजतो. रोजच्या रिपोर्टात बहुतेक वेळा एकच शेरा असतो: बदल नाही.

हा नाद कोकण रेल्वेवर लागला. १९९२ साली सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन रत्नागिरीकडे एका ठेकेदाराकडे चिकटलो. पहिलं वर्ष नुसता स्टाफ धरण्यात गेलं. स्टाफ म्हणजे लेव्हल घेताना, म्हणजे उंची मोजताना, उभी धरतात ती आकड्यांची पट्टी. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, आणि सगळ्यांच्या मानगुटीवर कोकण रेल्वेचे प्रमुख श्रीधरन साहेब यांची मुदत. बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणायचा, मधे डोंगर, आणि दोन्हीकडच्या मध्यरेषा आत जुळल्या पाहिजेत. आमचे म्हातारे सर्व्हेअर सांगायचे, “नावडता आकडा सगळेच परत वाचतात. तू आवडलेला परत वाच.” ऑफिसात आजही नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि आम्ही मोकळे झालो. मोकळे म्हणजे बेकार.

मग मुंबई. मधली दहा वर्षं उड्डाणपूल, नाले, इकडचं तिकडचं. ती लिहिण्यासारखी नाहीत. पुढे वर्सोवा-घाटकोपर मेट्रोवर लागलो. ११.४ किलोमीटरची लाइन, ८ जून २०१४ ला सुरू झाली. अंधेरीला ती पश्चिम रेल्वेच्या डोक्यावरून जाते. तिथलं मोजमाप रात्रीच्या ब्लॉकमध्येच. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत जेमतेम अडीच तास, त्यात ओव्हरहेड वायर बंद केल्याचा कागद हातात पडेपर्यंत अर्धा तास उडालेला. घड्याळाकडे बघत लेव्हल लावायची सवय तिथली.

२०१५ मध्ये मी आणि भागीदाराने नोकरी सोडली. डोंबिवलीतल्या घराचा हॉल हेच ऑफिस. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून एक जुनं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, घेतलं. आसऱ्याला काम होतं मेट्रो ३ चं: कुलाबा-वांद्रे-सीप्झ, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली, १७ टनेल बोअरिंग मशिनं. आम्ही ठेकेदाराच्या ठेकेदाराचे ठेकेदार. वाट्याला आल्या गिरगावातल्या काही चाळी.

लोकांना वाटतं, मशीन खालून जातं म्हणून इमारत हादरेल. खाली बेसॉल्टचा कठीण खडक असेल तर बोगद्याचा त्रास बेताचाच. खरी काळजी वरच्या भरावाची आणि मऊ मातीची. स्टेशनसाठी खोल खणलं की भूजल खाली जातं, माती आवळते आणि तिच्यावर टेकलेला पाया खचतो. म्हणून भिंतीला प्रिझम, म्हणजे टोटल स्टेशनने नेम धरायची काच, खांबाला कल मोजणारा टिल्टमीटर, तड्यावर क्रॅकमीटर, आणि जमिनीत पाण्याची पातळी बघायला पायझोमीटर. पण त्याआधी महत्त्वाचं काम म्हणजे प्रत्येक खोलीत जाऊन जुन्या तड्यांचे फोटो काढणं. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे भांडण झालं की हाच कागद बोलतो. घरमालकाच्या बाजूने बोलला तरी तो तसाच द्यायचा. यावरून एक काम आमच्या हातून गेलं. गेलं तर गेलं.

आणखी एक गंमत. इमारत रोज हलते. दुपारी पश्चिमेची भिंत तापते, संध्याकाळी निवते आणि प्रिझम एक-दोन मिलिमीटर सरकून परत जागेवर येतो. हे आधी काही महिने मोजून ठेवलं नसेल तर उन्हाला मेट्रो समजून बोंब मारायची वेळ येते.

बोंब आम्हीही मारली. एका श्रावणात पहाटेच्या रीडिंगला तिसऱ्या मजल्याचा प्रिझम सात मिलिमीटर बाहेर. अलार्मची मर्यादा ओलांडलेली. मी साइटवर फोन केला, खालचं खोदकाम थांबलं आणि धावत चाळीत गेलो. गॅलरीत एक आजी दात घासत उभ्या. “काय रे बाळा, पडतेय की काय आमची चाळ?” मला उत्तर सुचेना. वर पाहिलं तर गणपतीच्या माळांची वायर पोरांनी आमच्या प्रिझमच्या ब्रॅकेटला करकचून बांधलेली, ब्रॅकेट वाकलेला. शेजारचे दोन्ही प्रिझम जागच्या जागी होते. ते मी फोन करण्याआधी बघायला हवे होते.

काम थांबल्याचे तास वरच्या ठेकेदाराने आमच्या बिलातून कापले. कारण लेखी मागितलं, ते आजतागायत आलेलं नाही. रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, पैसेही दोन वर्षं अडकले. त्या काळात पोरांचे पगार आम्ही कर्ज काढून केले. आता करारात खोट्या अलार्मचं कलम घालतो, आणि ते नको असेल त्याचं काम घेत नाही.

९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ च्या गाड्या शेवटच्या कफ परेड स्टेशनपर्यंत धावू लागल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या चाळीतले आमचे प्रिझम उतरवायला गेलो. आजींनी तिसऱ्या मजल्यावरचा ब्रॅकेट काढू दिला नाही. त्याला आकाशकंदील टांगायचा होता. काढलेल्या सामानाच्या यादीत आम्ही एक ब्रॅकेट ‘गहाळ’ लिहिला.