वहीतलं शेवटचं पान

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम आहे. चौदा वर्षं झाली. शेतकऱ्याचा माल आला की काटा करायचा, हमाली, तोलाई आणि आधीची उचल वजा करायची आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, लिहायची, हे माझं काम. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही तर मी खुर्चीवरून उठत नाही, फरक दोन रुपयांचा का असेना. आणि ह्याच चौदा वर्षांत माझ्या स्वतःच्या डोक्यावर किती देणं आहे, हे मी एकदाही एका कागदावर मांडलं नव्हतं.

माहीत नव्हतं असं नाही. तुकड्यातुकड्यानं सगळं माहीत होतं. पाच तारखेला पतसंस्था, दहाला गाडीचा हप्ता, पंधराला ॲपवाल्यांचा, महिनाअखेरीला व्याजाचे १,८०० रुपये घेऊन खासगी व्याजवाल्याच्या दारात. पण ह्या सगळ्यांची बेरीज करायची म्हटलं की हात थांबायचा. बायकोला त्यातली तीन कर्जं ठाऊक होती. बाकीची पाच मी एकटा सांभाळत होतो, आणि ‘सांभाळणं’ म्हणजे काय तर फोन आला की अंगणात जाऊन बोलणं.

२०२३ ची दिवाळी जवळ आली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसानं मोठा ताण दिला, आमच्या तीन एकरांतलं सोयाबीन शेंगा भरायच्या वेळीच सुकलं. एका रात्री दुकानातून वापरून उरलेली जुनी वही घरी आणली आणि तिच्या शेवटच्या पानावर लिहायला बसलो. बायको पाणी प्यायला उठली. म्हणाली, “एवढ्या रात्री काय लिहलालाव?” मी पान झाकलं नाही. का झाकलं नाही, ते आजही नीट सांगता येणार नाही. थकलो होतो, एवढं खरं. ती शेजारी बसली आणि मी एकेक ओळ वाचून दाखवली.

पतसंस्थेचं घरदुरुस्तीचं कर्ज, एक लाखातलं मुद्दल ७५,००० बाकी. सोनेतारण ८०,०००. खासगी माणसाकडून शेकडा तीन रुपयांनं घेतलेले ६०,०००. मोबाईल ॲपचे २२,०००. गाडीचे ३१,०००. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावरचं पीक कर्ज ९०,०००, तेही थकलेलं. किराणा दुकानाची उधारी ११,४००. दाजींचे हातउसने ४०,०००. सोनेतारणाच्या ओळीला आवाज अडकला, कारण ते तिचं गंठण होतं. तिला मी ‘पॉलिशला दिलंय’ असं सांगितलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. बेरीज ४,०९,४०० झाली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. बराच वेळ पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “उद्या परत वाचा. आज डोक्यात शिरंना.”

दुसऱ्या दिवशी परत वाचलं. तेव्हा खाली महिन्याचा जमाखर्चही लिहिला. माझा पगार १७,०००, तिचं शिवणकाम सरासरी ४,५००. हप्ते आणि व्याज मिळून १३,३१७. घराला उरत होते ८,१८३. गावाकडून ज्वारी आणि तूरडाळ यायची म्हणून चूल चालायची, नाहीतर किराण्याची उधारी ११,४०० वर थांबली नसती. हे गणित मी दुसऱ्या कुणासाठी अर्ध्या मिनिटात केलं असतं.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेले. बायकोच म्हणाली, त्यांना दाखवू. मला जिवावर आलं होतं. गल्लीत माझी ओळख ‘हिशेबाचा माणूस’ अशी. त्याच गल्लीत स्वतःची अशी पट्टी घेऊन कसं जायचं? पण गेलो. काकांनी चष्मा लावला, पान दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, “व्याजाचा दर कुठाय?” मी रकमा लिहिल्या होत्या, दर लिहिले नव्हते. म्हणाले, “दर लिहून आण, मग बोलू.”

दर शोधताना जे कळलं त्यानं झोप उडाली. पतसंस्थेचे १२ टक्के आम्ही स्वस्त समजत होतो. ते ‘फ्लॅट’ होते, म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर. दोन वर्षांच्या कर्जाला हे १२ टक्के, कमी होणाऱ्या शिलकेवर मोजले तर साडेएकवीसच्या आसपास जातात. काकांनी कागदावर मांडून दाखवलं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभरावर तीन, वर्षाला ३६ टक्के. ॲपच्या कर्जाचा दर मी कधी बघितलाच नव्हता. कर्ज देताना जो तपशिलाचा कागद मोबाईलवर येतो त्यात वार्षिक दर, सगळे आकार धरून, लिहिलेला असतो. तो उघडला. शेकडा तीनपेक्षाही वर होता.

आणि पीक कर्ज. हे मनाला सगळ्यात जास्त लागलं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. सगळ्यात स्वस्त पैसा आमच्याच घरात होता आणि तोच आम्ही थकवला होता. अण्णांचं मागचं कर्ज २०१९ च्या कर्जमुक्तीत माफ झालं होतं, तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की परत माफी येईल, भरणारा मूर्ख ठरेल. गावात निम्मी घरं ह्याच आशेवर थांबतात. मी अण्णांना दोष देत नाही, त्यांनी दुष्काळ बघितलेत. २०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण थकबाकीदार झाल्यावर नवं कर्ज बंद होतं आणि माणूस पेरणीच्या तोंडावर शेकडा तीनवाल्याच्या दारात जातो. आम्हीही असेच गेलो होतो.

काकांनी एक अट घातली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पान घेऊन यायचं आणि मोठ्यानं वाचायचं. बायकोनंही बसायचं. काय भरलं, काय राहिलं, कुठं चुकलं. सल्ला नंतर, वाचन आधी.

स्वतःपुरतं लिहिलं की माणूस स्वतःला सूट देतो. मीही दिली. चौथ्या महिन्यात एका नात्यातल्या लग्नात ३,००० रुपये आहेर केला, घरात न विचारता. पानावर लिहिलं, ‘इतर – ३,०००’. रविवारी वाचताना तेवढी ओळ जरा भरभर वाचली. बायको म्हणाली, “इतर म्हणजे काय?” काका काही बोलले नाहीत, चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. सांगावं लागलं. त्या दिवसापासून आमच्या पानावर ‘इतर’ हा शब्द नाही. पन्नास रुपयांचा असला तरी खर्चाला त्याचं नाव लिहायचं. आणि खरं सांगतो, पुढच्या लग्नात पाकिटात पैसे घालताना मला आधी पहिल्या रविवारची ती बैठक दिसली. ५०१ घातले. नातं होतं तसंच आहे.

फेडायचा क्रम काकांनी ठरवून दिला नाही, आम्हीच ठरवला. आधी ॲप, कारण दर सगळ्यात जास्त आणि रक्कम आवाक्यातली. दिवाळीला दुकानातून एक पगार बोनस मिळाला, बायकोच्या दिवाळीच्या शिलाईचे ५,००० त्यात घातले आणि २२,००० एकदम भरले. मधल्या काळात वसुलीवाल्याचा फोन आला होता, ‘साठ टक्के भरा, मिटवून टाकू.’ मोह झाला. काका म्हणाले, तसं केलं तर सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, तो ‘क्लोज्ड’ नसतो, आणि पुढं कुठलीही बँक कर्ज देताना त्याच्याकडे बघते. पूर्ण भरलं आणि बाकी नसल्याचं पत्र मागून घेतलं. त्या वसुलीवाल्याचे फोन रात्री नऊलाही यायचे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या फोनला एवढं एकच वाक्य बोललो. परत रात्री फोन आला नाही.

सुटलेला ३,९०० चा हप्ता आधी तीन महिने किराणा दुकानात गेला. मार्चमध्ये पीक कर्ज नवं-जुनं करायचं होतं, म्हणजे जुनं भरून नवं घ्यायचं. थकलेलं व्याज आम्ही घरातून जमवलं, पण मुद्दलाचे ९०,००० थोड्या दिवसांसाठी का होईना एकरकमी भरावे लागतात. गावाकडं ह्या थोड्या दिवसांसाठीसुद्धा व्याज घेणारे आहेत. मी आमच्या शेठजींकडे गेलो आणि वही त्यांच्यापुढं ठेवली. चौदा वर्षांत मी त्यांच्याकडं कधी मोठी उचल मागितली नव्हती, लाजेनं. त्यांनी शेवटचं पान उघडलं, पाच महिन्यांच्या तारखा आणि खाली उतरत आलेला आकडा बघितला आणि चेक लिहून दिला. बँकेनं नवं कर्ज दिल्यावर त्याच दिवशी त्यांचे पैसे परत केले. नुसतं तोंडानं मागितलं असतं तर चेक मिळाला असता का, सांगता येत नाही.

मग शेकडा तीनवाला. त्याच्याकडं माझा कोरा चेक आणि सही केलेला बाँड होता. काकांनी सांगितलं की २०१४ च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय असा धंदा करणं हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी बिगरशेतीच्या विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. मी तक्रार केली नाही. तो माणूस आमच्याच भागातला, रोज तोंडासमोर येणारा. हे बरोबर केलं की चूक, ह्यावर काकांचं आणि माझं अजून जमत नाही. पण कायदा माहीत असल्यानं पाठीचा कणा ताठ राहिला, हे नक्की. सप्टेंबर २०२४ मध्ये २०,००० दिले, तेव्हा व्याज १,८०० वरून १,२०० वर आलं. नोव्हेंबरमध्ये सोयाबीन विकलं. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि आमच्या यार्डात भाव त्याच्या बराच खाली चालला होता. स्वतःच्या मालाची पट्टी स्वतःच्या हातानं लिहिली. खर्च जाऊन जे उरलं ते आणि साठवलेलं मिळून बाकीचे ४०,००० दिले. काका बरोबर होते. पैसे मोजून दिले, पावती लिहून घेतली, चेक आणि बाँड परत घेतला आणि तिथंच फाडला. तुकडे खिशात घालून घरी आणले, बायकोनं चुलीत टाकले.

ह्या दरम्यान रविवारची बैठक वाढली होती. आमच्या दुकानावरचे एक हमाल भाऊ एकदा काकांकडे मला बोलवायला आले आणि वाचन चालू असताना दारात उभे राहिले. पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन आले. घरात तीन गटांची कर्जं, आठवड्याचे हप्ते, एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून पान मी लिहिलं. अशा मायक्रोफायनान्सच्या कर्जात घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. त्यांची बेरीज निम्म्याच्या कितीतरी पुढं होती. चौथ्या कर्जाचा फॉर्म भरून तयार होता, तो त्यांनी दिला नाही. त्यांचं पान वाचताना मला माझं पहिलं पान आठवत होतं, आणि त्या वहिनी सारख्या माझ्या बायकोकडं बघत होत्या.

गाडीचा हप्ता २०२५ च्या सुरुवातीला संपला, पतसंस्थेचा एप्रिलमध्ये. तिथून पुढं दर महिन्याला जमेल तेवढं सोनेतारणात भरत गेलो. त्यात थोडंथोडं मुद्दल भरता येतं हेही मला आधी माहीत नव्हतं. सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं रान वाहून गेलं, त्यामुळं दोन महिने भरणा निम्म्यावर आला. पानावर तसंच लिहिलं, कारणासकट. वाचताना पूर्वीसारखी मान खाली गेली नाही.

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, चार दिवस आधी गंठण सुटलं. काउंटरवरच्या मुलानं पाकीट फोडून वजन करून दाखवलं. बायकोनं ते तिथं घातलं नाही, रुमालात बांधलं. येळवशीला रानात गेलो, कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबिल आणि भज्जी काढायच्या आधी ती मागं वळली आणि आईला म्हणाली, “आत्या, एवढं लावून द्या.” आईला ते पॉलिशला गेल्याचंच माहीत होतं. तिनं लावून दिलं आणि म्हणाली, लई दिवस लावले बाई त्या सोनारानं. बायको माझ्याकडं बघून काही बोलली नाही.

ह्या महिन्याच्या पानावर दोनच ओळी आहेत. दाजी, १५,०००. पीक कर्ज, मुदतीत भरायचं, मार्च. पान आता बायको लिहिते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. रविवारी मला फक्त वाचायचं असतं.